आत किती, बाहेर किती? पोर्शे ९११ च्या रुंद होत गेलेल्या चाकांचा इतिहास

आज आपण एका गाडीच्या चाकांचा इतिहास बघणार आहोत. गाडी म्हणजे जर्मनीतल्या श्टुटगार्टची पोर्शे ९११. १९६४ साली ती उत्पादनात आली तेव्हा तिचं चाक साडेचार इंच रुंद होतं. १९७३ साली शर्यतीत उतरलेल्या ९११ ला मागे अकरा इंचांची चाकं होती. नऊ वर्षांत जवळजवळ अडीचपट! आणि गाडीचा मूळ सांगाडा मात्र तोच. आता साधा प्रश्न विचारू या. ही वाढलेली रुंदी गेली कुठे? चाकाच्या आत गेली की बाहेर?

हा प्रश्न आज मुद्दाम घेण्याचं कारण आहे. ‘वाइडबॉडी’ हा शब्द हल्ली आपल्याकडेही ऐकू येतो. मडगार्ड कापायचे, त्यांवर फुगीर पॅनल बसवायचं आणि मग ती पोकळी भरून काढेल असं चाक शोधायचं. म्हणजे आधी बॉडी, मग चाक. पण ज्या गाडीने ही रुंद कमरेची फॅशन जगाला दिली, तिच्या कारखान्यात काम बरोबर उलट्या क्रमाने झालं होतं. तिथे आधी चाकाची आतली बाजू ठरली, मग टायर, मग बाहेरची बाजू, आणि बॉडी सगळ्यात शेवटी फुगली. आमचं आजचं सगळं म्हणणं या क्रमाबद्दल आहे. क्रम उलटला तर गाडी दिसते तशीच, पण वागते वेगळी.

दोन आकडे, एक बेरीज आणि एक वजाबाकी

इतिहासात शिरण्याआधी थोडं गणित करून घेऊ. घाबरू नका, चौथीतलं आहे.

चाकाची रुंदी इंचात सांगतात. सात इंची रिम म्हणजे टायरच्या दोन कडा रिमवर जिथे टेकतात त्या दोन जागांमधलं अंतर सात इंच. रिमचा बाहेरचा ओठ धरला तर प्रत्यक्ष चाक दोन्ही बाजूंनी साधारण अर्धा-अर्धा इंच जास्त भरतं. आपण आज टायर टेकतो तेवढंच अंतर मोजू, म्हणजे तुलना सरळ राहील.

दुसरा आकडा ऑफसेट. चाक हबच्या सपाट तोंडावर बोल्टने आवळलेलं असतं. रिमच्या रुंदीची बरोबर मधली रेघ काढा. हबवर बसणारा चाकाचा पृष्ठभाग त्या रेघेच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन. आतल्या बाजूला असेल तर ऋण. बरोबर रेघेवर असेल तर शून्य. तो मिलिमीटरमध्ये लिहितात, आणि जर्मन शब्दाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘ईटी’ म्हणतात. ईटी ३६ म्हणजे ३६ मिलिमीटर धन ऑफसेट.

आता गणित. रुंदीचं अर्ध घ्या. त्यात ऑफसेट मिळवला की हबपासून आत किती चाक आहे ते कळतं. त्यातून ऑफसेट वजा केला की बाहेर किती आहे ते कळतं. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. झालं गणित.

आत कोण राहतं? स्प्रिंग, आर्म, ब्रेकचा पाइप, पुढच्या बाजूला शॉकचा खांब. बाहेर कोण राहतं? फक्त मडगार्ड. आतले शेजारी हलत नाहीत. बाहेरचा शेजारी पत्र्याचा आहे, तो वाकवता येतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढची वीस वर्षं याच वाक्यावर चालली आहेत.

साडेचार इंचांची अडचण

पहिल्या ९११ चं इंजिन मागच्या आसाच्याही मागे लटकलेलं होतं. सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं. सगळं जड सामान शेपटीला. सरळ रस्त्यावर याचा फायदा होतो, मागच्या चाकांवर भार असल्याने पकड चांगली मिळते. पण वळणावर, भर वेगात, ड्रायव्हरने घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की भार पुढे सरकायचा, मागच्या टायरची पकड सुटायची आणि शेपूट पुढे यायला बघायची. शिकाऊ हाताला ही गाडी झेपत नसे.

कारखान्याला हे ठाऊक होतं. सुरुवातीच्या काही गाड्यांत पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना बिडाची वजनं बसवली होती, प्रत्येकी ११ किलोची. शेपूट जड म्हणून नाकाला पाटे-वरवंटे बांधण्यातलाच हा प्रकार! १९६९ च्या मॉडेलला त्यांनी नीट उपाय केला. मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे नेली, पुढच्या-मागच्या आसांतलं अंतर २२११ वरून २२६८ मिलिमीटर झालं. आणि याच काळात दुसरा उपायही चालू होता, तो म्हणजे रुंद चाक.

१९६६ मध्ये ९११ एस या मॉडेलसोबत एक नवं चाक आलं. माइनर्ट्सहागेन इथल्या ओटो फुक्स कंपनीने अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूतून घडवलेलं, पाच पाकळ्यांचं. ओतीव नाही, घडीव. ठोकून घडवलेला धातू कमी वजनात जास्त ताकद देतो. हे ‘फुक्स’ चाक पुढे ९११ ची ओळखच झालं. पण पहिलं फुक्स चाक अजून साडेचार इंचांचंच होतं. नंतर साडेपाच इंच आलं, आणि मग सहा.

११२ मिलिमीटरची भिंत

आता जरा कागद-पेन घेऊन बसा.

सहा इंची फुक्स चाकाचा ऑफसेट होता ३६. सहा इंचांचं अर्ध ७६.२ मिलिमीटर. त्यात ३६ मिळवा: आत ११२.२. वजा करा: बाहेर ४०.२.

मग आलं सात इंची चाक. ऑफसेट २३.३. अर्ध ८८.९. मिळवा: आत ११२.२. वजा करा: बाहेर ६५.६.

पुढे आलं आठ इंची. ऑफसेट १०.६. अर्ध १०१.६. मिळवा: आत पुन्हा ११२.२! बाहेर ९१.

हे आकडे पहिल्यांदा एकाखाली एक मांडले की डोळ्यांवर विश्वास बसत नाही. तीन चाकं, तीन वेगळे ऑफसेट, आणि आतलं माप तिघांचं दशांशापर्यंत सारखं. २३.३ आणि १०.६ हे आकडे एरवी किती विचित्र वाटतात! कुणाला वाटेल, गोल आकडा का नाही घेतला? कारण तो आकडा कुणी ‘निवडलेला’ नव्हताच. निवडलेली होती ती आतली भिंत, ११२ मिलिमीटरवरची. ऑफसेट हा त्या भिंतीतून आपोआप निघालेला हिशोब होता. चाक एक इंच रुंद झालं की तो पूर्ण इंच बाहेर टाकायचा, आतल्या शेजाऱ्यांना धक्का लावायचा नाही.

साडेपाच इंची चाकाचा ऑफसेट ४२ होता. त्याचं आतलं माप काढून बघा, १११.८५ येतं. म्हणजे भिंत तेव्हाच ठरली होती.

मराठीत ‘चाकोरी’ हा सुंदर शब्द आहे. गाडीच्या चाकांनी मातीत पडलेली खोलगट वाट. ९११ ची चाकोरी अशी इंचाइंचाने बाहेर सरकत गेली. आणि चाक चाकोरीबाहेर गेलं की त्यावर छप्पर लागतंच. ९११ च्या मडगार्डांचा फुगवटा हे ते छप्पर.

न घेतलेली वाट

इथे कुणी विचारेल, रुंदी आत ढकलता आली नसती का? आली असती, आणि तसं करूनही पाहिलं होतं. साठच्या दशकाच्या अखेरीस शर्यतीसाठी सात इंची फुक्स चाकाचा एक वेगळा प्रकार निघाला, ‘७ आर’. त्याचा ऑफसेट होता ४९. गणित करू. अर्ध ८८.९, अधिक ४९, आत १३७.९. वजा ४९, बाहेर ३९.९.

बाहेरचं माप बघा. सहा इंची चाकाचं ४०.२ होतं, याचं ३९.९. म्हणजे बाहेरून चाक होतं तिथेच. वाढलेला एक इंच अख्खाच्या अख्खा आत गेला. बॉडी फारशी न छेडता सात इंची चाक बसवण्याची ही युक्ती. पण त्यासाठी आत एक इंच मोकळी जागा लागते, आणि रुंद टायर घातला, गाडी दाबली गेली, वळली, की ती जागा लगेच संपते. शर्यतीच्या मोजक्या गाड्यांत प्रत्येक गाडीला हात लावून हे जमवता येतं. रस्त्यावरच्या हजारो गाड्यांसाठी कारखान्याने आतली भिंत राखली आणि पत्रा फुगवला. आजचं चाक निवडणं म्हणजे याच दोन वाटांमधली निवड आहे, आणि ती पन्नास वर्षांहून जुनी आहे.

१९७२: मागचं चाक वेगळं

ऑक्टोबर १९७२. पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात पोर्शेने ९११ कॅरेरा आरएस २.७ दाखवली. शर्यतीची मान्यता मिळवायला ५०० गाड्या बनवणं भाग होतं. मागणी एवढी आली की एकूण १,५८० बनल्या. तिची मागची ‘बदकाची शेपटी’ सगळ्यांना आठवते. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट खाली आहे. पुढे सहा इंची चाक आणि १८५ चा टायर, मागे सात इंची चाक आणि २१५ चा टायर. पुढच्या आणि मागच्या आसावर वेगवेगळ्या मापाचे टायर असलेली पोर्शेची ही पहिली उत्पादित गाडी.

का केलं असं? मघाशी सांगितलेली शेपटीची खोड आठवा. चारही टायर सारखे रुंद केले तर पकड चारही बाजूंना वाढते आणि खोड तशीच राहते. फक्त मागे पकड वाढवली तर वळणावर मागचा भाग उशिरा सुटतो. म्हणजे इथे रुंदी हा तोल साधण्याचा उपाय होता. हे आज विसरलं जातं. पुढे-मागे दोन्हीकडे ‘मावेल तेवढं’ रुंद चाक घातलं की हा तोल मोडतो.

आणि बॉडी किती फुगली? मागच्या चाकांपाशी एकूण ४२ मिलिमीटर. प्रत्येक बाजूला २१. चाक बाहेर सरकलं होतं २५. चाकाला जेवढी गरज तेवढाच पत्रा, एक मिलिमीटर जास्त नाही! गाडीची रुंदी १६१० वरून १६५२ मिलिमीटर झाली. ज्याला हा हिशोब माहीत नाही त्याला ती कमर नुसती देखणी वाटते. माहीत असेल तर तीच कमर वाचता येते.

तिची शर्यतीची बहीण आरएसआर. पुढे नऊ इंची, मागे अकरा इंची चाकं. आतली ११२ ची भिंत राखून अकरा इंची चाक बसवायचं तर ऑफसेट किती हवा? अकराचं अर्ध १३९.७; त्यातून ११२.२ गेले, उरले साडेसत्तावीस. म्हणजे ऑफसेट शून्याच्याही खाली, ऋण २७ च्या आसपास. चाकाचा मधला भाग खोल विहिरीत गेल्यासारखा दिसतो तो यामुळे. आज ज्या खोलगट चाकासाठी लोक जीव टाकतात, त्याचा जन्म असा वजाबाकीतून झाला. या आरएसआरने १९७३ मध्ये डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकली, त्याच वर्षी सिसिलीतली टार्गा फ्लोरिओही जिंकली.

टर्बो: नियम बॉडी शिवतात

१९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात आली ९११ टर्बो, कारखान्यातलं नाव ९३०. पुढे सात इंची, मागे आठ इंची चाकं. आरएसच्या तुलनेत मागचं चाक एकच इंच मोठं. पण बॉडीची रुंदी थेट १७७५ मिलिमीटर! आरएसपेक्षा १२३ मिलिमीटर जास्त, म्हणजे दर बाजूला साठाहून अधिक. एका इंचाच्या चाकासाठी एवढं छप्पर कशाला?

याची दोन उत्तरं. एक, टर्बोला मागचे आर्म वेगळे दिले होते, चाकोरीच रुंद केली होती. दुसरं, आणि मोठं उत्तर म्हणजे शर्यतीचे नियम. त्या काळी शर्यतीच्या गाडीला मान्यता रस्त्यावरच्या गाडीच्या आधारावर मिळायची. शर्यतीच्या गाडीत मडगार्ड किती वाढवायचे याला मर्यादा, आणि ती मर्यादा मोजायची मूळ गाडीपासून. मग मूळ गाडीच रुंद केली तर? टर्बोच्या आधारावर १९७६ मध्ये ९३४ आणि ९३५ या शर्यतीच्या गाड्या आल्या. ९३५ चं मागचं चाक पंधरा इंच रुंद आणि एकोणीस इंच व्यासाचं होतं. १९७९ ची ल मान्सची २४ तासांची शर्यत क्रेमर बंधूंनी तयार केलेल्या ९३५ ने जिंकली.

म्हणजे टर्बोच्या मडगार्डाखाली जी जागा दिसते ती पुढे येणाऱ्या चाकांसाठी राखून ठेवलेली होती. रस्त्यावर ती गाडी घेणाऱ्यांना हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी पाहिली ती रुंद कमर, आणि ती त्यांना हवीशी वाटली. एवढी की पुढे १९८४ पासून कारखान्याने साध्या कॅरेराला टर्बोची बॉडी, ब्रेक आणि चाकं लावून ‘टर्बो लुक’ विकायला सुरुवात केली. गंमत बघा: तेच इंजिन असलेली अरुंद कॅरेरा हिच्यापेक्षा जास्त वेग गाठत असे, कारण रुंद गाडीला हवा जास्त कापावी लागते. रुंदीची किंमत असते ती अशी.

आमच्या मते वाइडबॉडीच्या इतिहासातलं वळण इथे आहे. आरएसपर्यंत बॉडी चाकाच्या मागे चालत होती. टर्बो लुकपासून बॉडी पुढे झाली आणि चाक तिच्या मागे लागलं.

१९८६: शेवटी आत

तरीही कारखान्यातल्या इंजिनिअरांची वही बंद झाली नव्हती. १९८६ च्या मॉडेलपासून टर्बोला मागे नऊ इंची चाक आलं, २४५ च्या टायरसह. ऑफसेट होता १५. आता तुम्हीच गणित करा. अर्ध ११४.३. आत १२९.३, बाहेर ९९.३.

म्हणजे आठ इंची चाकाच्या तुलनेत वाढलेल्या २५.४ मिलिमीटरांपैकी १७ आत गेले आणि ८ बाहेर. दोन दशकं राखलेली ११२ ची भिंत टर्बोत अखेर ओलांडली. का ओलांडता आली? टर्बोच्या रुंद चाकोरीमुळे आत जागा होती म्हणून. आणि बॉडी? एक मिलिमीटरही बदलली नाही. आधी छप्पर मोठं, मग घर त्यात वाटून बसवलं, पण मोजून.

ऑफसेट एवढा तोलून का वाटतात, याचं कारण बेअरिंगमध्ये आहे. चाकाची मधली रेघ हबपासून जितकी बाहेर जाईल तितका बेअरिंगवरचा पीळ वाढतो. एका चाकावर ४०० किलो भार धरला आणि मधली रेघ २५ मिलिमीटर बाहेर सरकवली, तर उभ्या गाडीतच बेअरिंगवर सुमारे १०० न्यूटन-मीटरचा जादा पीळ येतो. वळणावर, खड्ड्यात, तो कितीतरी पटींनी वाढतो. लांब दांड्याच्या पळीने पिंप उचलायला गेल्यावर मनगटाचं जे होतं, तेच इथे बेअरिंगचं.

स्टिअरिंगची गोष्ट

मागच्या चाकाचं एवढ्यावर भागतं. पुढचं चाक वळतंही, म्हणून तिथे आणखी एक हिशोब आहे. पुढचं चाक ज्या कललेल्या रेषेभोवती वळतं ती रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवा. ती जिथे टेकते ती जागा आणि टायर जमिनीला टेकतो त्याचा मध्य, या दोघांत थोडं अंतर असतं. ऑफसेट बदलला की हे अंतर बदलतं. अंतर चुकीच्या बाजूने वाढलं की एक चाक ओल्यात आणि एक कोरड्यात असताना ब्रेक दाबला तर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं.

याचा धडा पोर्शेच्याच दुसऱ्या गाडीत मिळतो, ९४४ मध्ये. तिच्या सुरुवातीच्या चाकांचा ऑफसेट २३.३ होता. १९८७ च्या मॉडेलला एबीएस ब्रेकची सोय आली, त्यासाठी पुढची रचना बदलली, आणि ऑफसेट ५२.३ झाला. २९ मिलिमीटरचा फरक! बोल्टची जागा तीच, त्यामुळे जुनं चाक नव्या गाडीवर विनातक्रार आवळलं जातं. आवळलं जातं म्हणजे बसतं असं नव्हे. नव्या गाडीवर जुनं चाक लावलं की टायर २९ मिलिमीटर बाहेर येतो, आणि इंजिनिअरांनी ब्रेकसाठी जमवलेला सगळा हिशोब मोडतो. गाडी उभी असताना दिसायला मात्र जास्त रुबाबदार!

जपानचा फाटा

सत्तरच्या दशकातल्या त्या शर्यतीच्या गाड्यांची छायाचित्रं जगभर गेली. जपानमध्ये तरुणांनी आपल्या गाड्यांना तशी मडगार्डं लावली. पुढे त्या परंपरेतून नावाजलेले कारागीर आले: आयची प्रांतातले लिबर्टी वॉकचे वातारू कातो, क्योतोमधले रॉकेट बनीचे केइ मिउरा, आणि पोर्शेपुरतं बोलायचं तर चिबा प्रांतातले आरडब्ल्यूबीचे अकिरा नाकाई. नाकाई स्वतः गिऱ्हाइकाकडे जातात, स्वतःच्या हाताने जुन्या ९११ चे मडगार्ड कापतात आणि रुंद पॅनल बसवतात.

या कलेला आम्ही नावं ठेवणार नाही. त्यात हात आहे, नजर आहे. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक गोष्ट नोंदवायला हवी. कारखान्यात मडगार्ड हे उत्तर होतं. इथे मडगार्ड हा प्रश्न झाला: एवढी पोकळी आहे, आता यात काय घालू? चुका होतात त्या इथून पुढे. पोकळी भरायची म्हणून रिम रुंद, पण टायर त्या रिमला अपुरा, मग तो ताणून बसवलेला. किंवा चाक नेहमीचं आणि मागे जाड स्पेसर. किंवा ऑफसेट एवढा ऋण की पीळ बेअरिंगला सोसत नाही. स्पेसरही ऑफसेटच बदलतो, हे विसरू नका. २० मिलिमीटरचा स्पेसर म्हणजे ऑफसेट २० ने कमी.

मग निवडायचं कसं?

तर या इतिहासातून क्रम असा निघतो. पहिल्यांदा आतली भिंत शोधा. सध्याच्या चाकाची रुंदी आणि ऑफसेट घेऊन आतलं माप काढा. मग गाडी उचलून, चाक पूर्ण दाबून आणि दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, की आत आणखी किती मिलिमीटर खरंच मोकळे आहेत. त्यातले काही टायर फुगतो आणि आर्मचे रबर दबतात त्यासाठी सोडा.

दुसऱ्यांदा टायर ठरवा, रिम नव्हे. रस्त्याला टेकतो तो टायर. प्रत्येक मापाच्या टायरला किमान आणि कमाल किती रुंद रिम चालतो हे बनवणारी कंपनी छापते. त्या मर्यादेच्या मधोमध राहा. आणि पुढच्या-मागच्या टायरमधला फरक मूळ गाडीत जसा होता त्याचं प्रमाण सांभाळा. १९७२ मध्ये तो फरक जीव वाचवण्यासाठी आला होता.

तिसऱ्यांदा ऑफसेट. तो आता तुम्ही निवडायचा नाही, तो निघेल. उदाहरण घ्या. मागे आठ इंची, ईटी १०.६ चाक आहे आणि दहा इंची हवं आहे. आत काहीच जागा नसेल तर १२७ उणे ११२, ऑफसेट ऋण १५, आणि चाक ५१ मिलिमीटर बाहेर. आत १७ मिलिमीटर मिळाले, जसे १९८६ मध्ये मिळाले, तर ऑफसेट धन २ आणि बाहेर फक्त ३४. सतरा मिलिमीटरांत एवढा फरक पडतो. पुढच्या चाकाला मात्र मूळ गाडीतल्या मधल्या रेघेपासून होता होईल तेवढं जवळ राहायचं, स्टिअरिंगसाठी.

आणि चौथ्यांदा, अगदी शेवटी, मडगार्ड. चाक जिथे संपतं तिथे त्याला झाकेल एवढा.

आपल्याकडे यात आणखी एक भिंत आहे, कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्टपणे उचलून धरलं. त्यामुळे पत्रा कापायच्या आधी आरटीओचा विचार करावा लागतो. पण समजा तो कायदा नसता, तरी आपले रस्ते आहेतच. मुसळधार पावसात अर्धा टायर पाण्यात आणि अर्धा डांबरावर असताना ब्रेक दाबायची वेळ आपल्यावर वर्षातून चार महिने येते. चुकलेल्या ऑफसेटची परीक्षा त्या क्षणी होते, पार्किंगमध्ये फोटो काढताना नाही.

त्या फुक्स चाकांच्या पाठीमागे बारीक अक्षरांत मापं कोरलेली असतात. बाहेरून बघणाऱ्याला ती दिसत नाहीत. पण सत्तरच्या दशकातली ती रुंद कमर, जिच्यावर जगभरचे लोक भाळले, ती त्या लपलेल्या आकड्यांमधून आली आहे. म्हणून कुठलीही रुंद गाडी दिसली की आधी तिच्या मडगार्डाकडे बघू नका. वाका, चाकाच्या आत डोकावा आणि विचारा, आत किती, बाहेर किती?

आता तुमचे प्रश्न घेऊ या.